जाळ्याचा आस आणि पुढच्या सालची मासळी



मृगाचा दमदार पाऊस झाला, की उल्हास नदी आणि ठाणे-कल्याणच्या खाडीकाठची मासळी ओहोळांतून भातखाचरांत चढते. हीच आपली वलगण. तिच्या पोटात गाबोळी असते, ती अंडी घालायला येते. अशा वेळी खाचराच्या मोरीला आपण बारीक आसाचं नायलॉन जाळं लावतो. कुणी तर मच्छरदाणीच लावतो. मग बोटाएवढी पिल्लंही अडकतात आणि बांधावर मरून पडतात. बियाण्याचं भात कुणी कांडून खातं का?

आस म्हणजे जाळ्याच्या धाग्यांमधलं भोक. जाळं ओलं करून ताणा आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर पट्टीनं मोजा. शंकरपाळ्यासारखा आस ओढ बसली की मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो आणि पिल्लू निसटतं. म्हणूनच समुद्रातल्या ट्रॉल जाळ्याच्या खोल्याला, म्हणजे शेपटाकडच्या पिशवीला, किमान 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगितलेला आहे. लक्षद्वीपचे मच्छीमार तर कुपा मासा काठी-गळानं एकेक करून धरतात, त्यामुळे नको ती मासळी फारशी मरत नाही.

आपण काय करावं?

1. खाण्याजोगा मासा अडेल आणि बोटाएवढा निसटेल, असा आस निवडा. मच्छरदाणी लावू नका.

2. ओहोळाची पूर्ण रुंदी अडवू नका. निम्मी वाट मोकळी ठेवा.

3. गाबोळीची मासळी आणि पिल्लं जिवंत असतानाच पाण्यात सोडा. पिल्लं डासांच्या अळ्या खातात, हा फायदा आपलाच.

4. सापळ्याचं झाकण सुती दोऱ्यानं बांधा. सापळा पुरात वाहून गेला, तरी दोरा कुजून झाकण उघडतं आणि आत मासे मरत राहत नाहीत.

5. पूर्वीची सुती जाळी कुजून जात. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. त्यात कासवं, बगळे अडकतात. गुरांच्या पोटातही जातं. फाटकं जाळं ओहोळात टाकू नका, जाळू नका. तुकडे गोळा करून भंगारवाल्याला किंवा कचरागाडीत द्या.

खाडीत कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी येतं, ते एकट्यादुकट्याच्या हातात नाही, हे खरं. पण मोरीवरचं जाळं आपल्याच हातात आहे. यंदा मृगाआधी ते एकदा मोजून बघा.