रायपूरच्या हवेत सरळ राहणारी दांडी

स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की अकूस्टिक गिटारच्या दांडीवर सुमारे ७० किलोचा ताण पडतो. नायलॉनच्या तारा असल्या तर तो ४० किलोच्या आसपास असतो. वाद्य भिंतीला टांगलेलं असो की हातात, हा ताण दिवसरात्र चालूच राहतो. शिवाय तारा दांडीच्या मध्यातून जात नाहीत, वरच्या अंगाने जातात, म्हणून दांडी हळूहळू पुढे वाकायला बघते. एखादा मिलिमीटर जरी वाकली तरी तारा पट्ट्यांपासून उचलल्या जातात, बोटं दुखायला लागतात आणि वरच्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. घरी गिटार बनवणाऱ्याची खरी परीक्षा पेटीत नसते, या दोन-अडीच फुटांच्या दांडीत असते.

व्हिडिओ बघून काम सुरू करणारी मुलं पहिल्यांदा मेपल आणि महोगनी शोधायला निघतात. रायपूरच्या पुरानी बस्तीत बसून या लाकडांच्या मागे लागण्याचं काहीही कारण नाही. मेपल उत्तर अमेरिकेच्या जंगलातलं, तिथल्या कारखान्यांना सहज मिळणारं. मध्य अमेरिकेतल्या महोगनीचा व्यापार तर २००३ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. आणि मुख्य म्हणजे रायपूरची हवा त्या लाकडांच्या हवेसारखी नाही.

मे महिन्यातल्या दुपारी इथे पारा ४२-४४ अंशांवर असतो आणि हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. दोन महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. उघड्यावर ठेवलेल्या फळीतलं पाणी उन्हाळ्यात तिच्या कोरड्या वजनाच्या ५ टक्क्यांवर येतं, पावसाळ्यात १६-१७ टक्क्यांवर जातं. घरात ठेवलेल्या, पॉलिश केलेल्या वाद्यात हा फरक कमी होतो. तरी तो ८ टक्के धरून चाला.

या ८ टक्क्यांनी दांडीची लांबी जवळजवळ बदलत नाही. तंतूंच्या दिशेने लाकूड फार थोडं हलतं. रुंदीची गोष्ट वेगळी. पूर्ण ओलं सागवान पूर्ण वाळलं तर वाढीच्या वलयांना समांतर दिशेने ते साधारण साडेपाच टक्के आकसतं, वलयांना काटकोनात मात्र अडीच टक्केच. म्हणजे ५५ मिलिमीटर रुंदीच्या दांडीत एका प्रकारे कापलेलं सागवान मे ते ऑगस्टमध्ये ०.८ मिलिमीटर फुगेल, दुसऱ्या प्रकारे कापलेलं ०.४ मिलिमीटरपेक्षाही कमी. धातूचे फ्रेट काही आकसत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात त्यांची टोकं कडेबाहेर येऊन तळव्याला ओरबाडतात. हार्ड मेपलचं हेच आकसणं एका दिशेने जवळपास १० टक्क्यांपर्यंत जातं. गिटारच्या जाहिरातींत मिरवणारं लाकूड आपल्या सागवानाच्या जवळपास दुप्पट हलतं, हे वखारीत पाऊल टाकण्याआधी ध्यानात ठेवावं.

याहून गंभीर परिणाम दुसराच आहे. ओझ्याखाली ठेवलेलं लाकूड वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकत जातं हे सुतारांना ठाऊकच असतं. पण ओझं असतानाच ओलावा पुन्हा पुन्हा चढत-उतरत राहिला, तर हे वाकणं नुसत्या ओझ्याच्या कितीतरी पट होतं. तारांचा ताण कायमचा आणि हवा अशी. रायपूरमधली दांडी दर वर्षी या परीक्षेला बसते. म्हणून जातीचं नाव विचारण्याआधी फळी कशी कापली आहे ते पाहायचं.

फळीचं टोक रंध्याने साफ करा आणि पाण्याचं बोट फिरवा. वलयांच्या रेघा स्पष्ट दिसतात. ज्या बाजूवर फ्रेटबोर्ड चिकटणार तिच्याशी त्या उभ्या, काटकोनात हव्यात. आडव्या, कमानदार रेघांची फळी स्वस्त मिळाली तरी एकसंध दांडीसाठी घेऊ नका; घेतलीच तर उभ्या पट्ट्या कापून, एक उलटी एक सुलटी चिकटवून दांडी करा. मग फळीची कड पाहा. तंतू कडेला समांतर धावत आहेत का? शाईचा एक थेंब टाकला की तो तंतूंच्या दिशेने पसरतो आणि खरं काय ते सांगतो. दर २० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर इतका तिरकेपणा चालतो. दर १० ला १ झाला तर वाकताना मोडण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. खुंट्यांचा माथा मागे कललेला असतो, तिथे एकाच फळीतून कोरलं तर तंतू आडवेच तुटतात. गिटार पडली की बहुतेक वेळा मोडते ती तिथेच. माथा तिरका सांधा देऊन वेगळा जोडला तर लाकूडही वाचतं आणि मजबुतीही येते.

आता जात. सागवानाबद्दल माझं मत पक्कं आहे: रायपूरमध्ये पहिली पसंती त्यालाच. गाभ्याच्या लाकडात तेलकट द्रव्यं असल्यामुळे त्याला कीड सहसा लागत नाही. ताठपणा महोगनीपेक्षा थोडा जास्त, वजन थोडंसंच अधिक. त्याची खोडही सांगायला हवी. तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसावं लागतं. अंगातल्या सिलिकामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. शेजारच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातलं सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. तुमच्या कामाला त्याचा एक हातभर तुकडा आणि वर थोडं, इतकंच पुरे.

तो नवा घेण्याचीही गरज नाही. पुरानी बस्तीसारख्या जुन्या वस्तीत घर पाडलं की चौकटी, तुळया, दारांच्या फळ्या बाहेर निघतात. अनेक दशकं वापरलेल्या लाकडातलं हेमीसेल्युलोज थोडं थोडं विघटित झालेलं असतं. ओलावा ओढून घेणारा घटक मुख्यतः तोच, म्हणून जुनं लाकूड हवेबरोबर कमी हलतं. फक्त चुंबक फिरवून खिळे शोधा, आणि कडेचं फिकट पांढुरकं लाकूड काढून टाका, कारण किडीला तेच आवडतं.

शिवण, म्हणजे छत्तीसगडी बोलीतलं खमार, हलकं असतं आणि फारसं हलत नाही. पण ताठपणात कमी पडतं. बिबळा आणि शिसम ताठ खरे, पण जड. संपूर्ण दांडीपेक्षा फ्रेटबोर्डाला शोभतात. साल हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष, पण वाळताना तडकतो, वजनही फार, दांडीला नको. तून मिळाला तर जरूर घ्या. तो महोगनीच्याच कुळातला, आणि सतारीच्या दांडीला पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतारीमागेही लाकूड नीट मुरवण्याची शिस्त आहे.

जातीने आवाज बदलतो का? जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी १९९० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारच्या दांड्यांची कंपनं मोजली. दांडी स्वतः ज्या कंपनसंख्येला डोलते, त्याच्या जवळचा सूर तिने शोषून घेतला की तो लवकर विझतो. म्हणजे दांडीचा ताठपणा आणि वजन ऐकू येतं. पण लँकेस्टर विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात, मागच्या आणि बाजूच्या फळ्या सहा वेगवेगळ्या लाकडांच्या असलेल्या गिटारी न पाहता वाजवून ५२ वादकांनी त्यांच्या आवाजाला जवळपास सारखेच गुण दिले. प्रयोग दांडीचा नव्हता, तरी महाग नावांचा मोह आवरायला पुरेसा आहे. ताठपणा तर घरीच मोजता येतो: २५ मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड पट्टी ६०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन विटांवर ठेवा, मधोमध २ किलो वजन टांगा. चांगलं सागवान साडेतीन मिलिमीटरच्या आसपास झुकेल. पाचच्या पुढे गेलं तर ती पट्टी बाजूला ठेवा.

जाडीही विसरू नका. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. २० ची दांडी २२ मिलिमीटर केली की तो ३३ टक्क्यांनी चढतो. आत समायोजनाचा लोखंडी दांडा घालणं उत्तम. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना त्याचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. मार्टिन कंपनीने मात्र १९८५ पर्यंत न फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर काम भागवलं. उरला-सिलतराच्या कारखान्यांच्या या शहरात १० मिलिमीटरची चौकोनी पोलादी नळी मिळायला अडचण नाही.

लाकूड उन्हाळ्यात घ्या, दांडीच्या मापापेक्षा थोडं मोठं कापून घरातच ठेवा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. पावसाळा त्याला काढू द्या. दिवाळीनंतर वजन दोन-तीन आठवडे हललं नाही आणि फळी सपाट पाटावर ठेवल्यावर डुलली नाही, की मगच पटाशी हातात घ्या.