बंध तुटल्यावर ऊर्जा मिळत नाही

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडक्शन भट्ट्यांमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न वितळवतात, त्याचे बिलेट ओततात आणि री-रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया काढतात. रसायनशास्त्रातला एक चिवट गैरसमज तपासून पाहायला याहून चांगली जागा नाही. अणूंमधला बंध म्हणजे ऊर्जेची साठवण, आणि तो तोडला की ती ऊर्जा बाहेर पडते, असे अकरावी-बारावीची अनेक मुले धरून चालतात. पदवीधरही कित्येकदा तसेच बोलतात. हे खरे असते, तर लोखंडाच्या अणूंची एकमेकांवरची पकड सैल करताना भट्टीने वीज दिली असती. प्रत्यक्षात कारखानदाराच्या खर्चात विजेचे बिल हा मोठा आकडा असतो.

शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते. त्या तापमानाला पोहोचल्यावर वीज चालू असूनही पारा पुढे सरकत नाही, आणि इथे दुसरा गैरसमज डोके वर काढतो: तापमान वाढत नाही, म्हणजे ऊर्जा आत जात नाही. तापमान सांगते ते अणूंच्या हालचालीविषयी, म्हणजे त्यांच्या सरासरी गतिज ऊर्जेविषयी. वितळताना आत जाणारी ऊर्जा अणूंना त्यांच्या ठरलेल्या जागांवरून सोडवण्यात खर्च होते, म्हणजे स्थितिज ऊर्जा वाढवते. एक किलो लोखंडासाठी ती सुमारे 247 किलोज्यूल असते. टनाचा हिशेब केला तर, उष्णतेची गळती अजिबात नाही असे धरूनही, तापमान एका अंशाने न वाढता जवळपास 69 युनिट वीज लागते. आणि ही फक्त पकड सैल करण्याची किंमत. लोखंडाचा प्रत्येक अणू पूर्ण सुटा करायचा, तर याच्या सुमारे तीसपट ऊर्जा मोजावी लागेल.

याचे कारण स्थितिज ऊर्जेच्या स्वरूपातच आहे. ती एकट्या अणूची मालमत्ता नसते. दोन किंवा अधिक कण एकमेकांपासून किती अंतरावर, कोणत्या मांडणीत आहेत, यावर ती ठरते. दोन हायड्रोजन अणू फार दूर असताना त्यांची परस्पर ऊर्जा आपण शून्य धरतो. ते जवळ येतात तसे एकाचा केंद्रक दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनला ओढतो आणि ऊर्जा शून्याखाली घसरत जाते. 0.74 अँगस्ट्रॉम अंतरावर ती सगळ्यात कमी होते. त्याहून जवळ दाबले, तर केंद्रकांचे प्रतिकर्षण वरचढ ठरते आणि ऊर्जा झपाट्याने चढते. बंध म्हणजे या विहिरीचा तळ. जमिनीची पातळी शून्य धरली, तर तळाची उंची ऋण येणारच. ऋण चिन्ह म्हणजे ऊर्जा नाही असे नव्हे, तर बाहेर यायला किती वर चढावे लागेल याचे माप. हायड्रोजनच्या एका मोलसाठी ही चढण 436 किलोज्यूलची आहे. बंध तोडायला तेवढी ऊर्जा द्यावी लागते, आणि बंध जुळताना तेवढीच बाहेर पडते.

मग डिझेल जळताना, गॅस पेटल्यावर ऊर्जा मिळते ती कुठून, असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. उत्तर हिशेबात आहे. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन यांचे बंध तोडायला 872 आणि 498, असे एकूण 1370 किलोज्यूल लागतात. पाण्याच्या वाफेचे चार मोल बंध तयार होताना, प्रत्येकी 463 प्रमाणे, 1852 किलोज्यूल सुटतात. हातात राहतात 482. नफा येतो तो जुळण्यातून. तोडणे हा आधी करावा लागणारा खर्च. म्हणून तर गॅस पेटवायला ठिणगी लागते. म्हणजे ऊर्जा ‘इंधनात’ आहे हे म्हणणेही अर्धवट. ती इंधन आणि ऑक्सिजन यांच्या न जुळलेल्या अवस्थेत आहे.

स्फोटके ऑक्सिजनशिवायही फुटतात, त्यांचे काय? नायट्रोग्लिसरीनच्या रेणूतले तुलनेने कमकुवत बंध तुटतात हे खरे, पण त्याच क्षणी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन तयार होतात. नायट्रोजनच्या रेणूतला बंध एका मोलमागे सुमारे 945 किलोज्यूलचा, म्हणजे अत्यंत खोल विहीर. शरीरातल्या एटीपीबद्दलही ‘उच्च ऊर्जेचा बंध’ हा शब्दप्रयोग दिशाभूल करतो. तो बंध तोडायलाही ऊर्जा लागतेच. पाण्याशी अभिक्रिया होऊन तयार होणारे पदार्थ अधिक स्थिर असतात, म्हणून एकूण गोळाबेरजेत एका मोलमागे साधारण 30 किलोज्यूल उरतात.

जालन्यातल्या भट्टीत पडणारे स्पंज आयर्न याची उलटी बाजू दाखवते. ते लोहखनिजातला ऑक्सिजन, बहुधा कोळशाच्या मदतीने, काढून बनवतात. एक मोल फेरिक ऑक्साइड लोखंड आणि ऑक्सिजनपासून तयार होताना सुमारे 824 किलोज्यूल सुटतात. ते फोडताना तेवढीच चढण चढावी लागते. म्हणून ऑक्सिजनपासून तोडलेले लोखंड पुन्हा खाली यायला टपलेले असते. सळईवर गंज हळूहळू चढतो, त्यामुळे निघणारी उष्णता जाणवत नाही. स्पंज आयर्न मात्र सच्छिद्र. त्याचा खूप मोठा पृष्ठभाग हवेला उघडा असतो. ढिगात ओल शिरली, तर ते आपोआप तापते आणि हायड्रोजनही सोडते. ते कोरडे ठेवण्यामागचे शास्त्र हेच.

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचे दावे अधूनमधून होतात, ते याच कसोटीवर घासावेत. पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन आधीच तळाशी पोहोचलेले आहेत. त्यांना वेगळे करायला किमान तेवढीच ऊर्जा लागेल, जेवढी त्यांना पुन्हा जाळून मिळेल. यंत्रातली गळती त्यावर वेगळी. हायड्रोजन इंधन म्हणून उपयोगी आहे, पण वर चढवण्याचा खर्च सूर्याने, वाऱ्याने किंवा कोळशाने आधी भरलेला असतो. म्हणून ऊर्जेचा कोणताही दावा समोर आला, की काय तुटले एवढे ऐकून थांबू नये. त्यानंतर काय जुळले आणि ते किती खोल गेले, हे विचारावे.