पेशीचे पचन आणि आपले आजार

नाळ तुटली की नवजात पिल्लाचा आयता पुरवठा बंद होतो. आईचे दूध पोटात जाऊन अंगी लागायला आणखी काही तास असतात. मग मधल्या वेळात ते तगते कशावर? जपानमधल्या नोबोरु मिझुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली उंदरांच्या पिल्लांत याचा छडा लावला. जन्मल्याबरोबर पिल्लाच्या हृदयातल्या, फुप्फुसातल्या, श्वासपटलातल्या पेशी स्वतःचीच काही प्रथिने मोडून अमिनो आम्ले मिळवू लागतात. हा जोर ३ ते १२ तास टिकतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. या कामाला लागणारे एटीजी-५ हे जनुक ज्या पिल्लांतून काढून टाकले होते, ती जन्मताना जवळपास धडधाकट दिसत होती. दिवसभरात ती दगावली.

पेशी आपलेच भाग वेढते, पचवते आणि सुटलेला माल पुन्हा कामी लावते, या व्यवहाराला ऑटोफॅजी म्हणतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तशातला हा प्रकार. हा व्यवहार उपासमारीपुरता नसतो. एरवीही मोडकी प्रथिने, नादुरुस्त मायटोकाँड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रे), आत शिरलेले जंतू यांचा निकाल याच वाटेने लागतो. तो बिघडला की काय होते आणि औषधाने सुधारता येतो का, या प्रश्नावर गेली पंचवीसेक वर्षे जगभर काम चालू आहे. त्यातून हाती आलेला मुख्य धडा बाजारातल्या ‘ऑटोफॅजी वाढवा’ या सल्ल्याशी जुळत नाही.

यीस्टने दाखवलेली वाट

बेल्जियमचे ख्रिश्चन द दुव यांनी १९५५ साली लायसोसोम शोधला. ही पेशीतली आम्लधर्मी पिशवी; तिच्यात साठच्या आसपास पाचक विकरे असतात. ऑटोफॅजी हे नावही त्यांनीच १९६३ साली दिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अर्धवट पचलेले मायटोकाँड्रिया दिसत होते, पण ही यंत्रणा कोणती जनुके चालवतात हे पुढची तीस वर्षे कोणालाच सांगता आले नाही. अडचण अशी की वेढलेला माल पिशवीत पोचताच पचून जाई आणि मागे पुरावा उरत नसे.

योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ साली टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्यांनी विचार उलटा केला. पचनच बंद पाडले तर आलेला माल साठेल आणि दिसेल. यीस्टमध्ये लायसोसोमचे काम एक मोठी पोकळी करते; त्या पोकळीतली पाचक विकरे नसलेले यीस्ट त्यांनी घेतले, त्याला उपाशी ठेवले आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली धरले. अर्ध्या तासातच एरवी रिकामी, नितळ दिसणारी पोकळी बारीक गोल कणांनी भरू लागली आणि ते कण आत सतत थरथरत, इकडून तिकडे फिरत राहिले. हे निरीक्षण १९९२ साली प्रसिद्ध झाले. मग त्यांनी हजारो उत्परिवर्तित यीस्ट तपासून, उपाशी असूनही ज्यांची पोकळी रिकामीच राहते असे यीस्ट वेचून काढले. १९९३ साली पंधरा आवश्यक जनुके जाहीर झाली. त्यांतल्या बहुतेकांचे भाऊबंद माणसातही सापडले. २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल एकट्या ओसुमींना मिळाले ते या कामासाठी.

यंत्रणा थोडक्यात अशी. अन्न मुबलक असते तेव्हा एमटॉर नावाचे प्रथिन ऑटोफॅजीला रोखून धरते. अमिनो आम्ले आणि इन्सुलिन घटले की ही पकड सुटते. पेशीद्रवात दुहेरी पटलाची चंद्रकोर उगवते, वाढत वाढत मालाला वेढते, मिटून पिशवी होते आणि ती पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते. म्हणजे सुरुवात, निवड, वेढणे, मिलन आणि पचन असे पाच टप्पे झाले. आजार यांतल्या कोणत्याही टप्प्यावर उद्भवू शकतो, आणि उपचार कोणता हे त्या टप्प्यावरच ठरते.

मेंदूतली कोंडी

चेतापेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे साठलेला गाळ दोन पेशींत वाटून हलका करण्याची सोय त्यांना नाही. २००६ साली जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींतली ऑटोफॅजी बंद केली. उंदरांना खायला-प्यायला भरपूर होते, दुसरा कोणताही रोग नव्हता. तरी चेतापेशींत प्रथिनांच्या गुठळ्या झाल्या आणि चालताना तोल जाऊ लागला. माणसाच्या बाबतीत २०२१ साली पाच कुटुंबांतल्या बारा जणांची नोंद झाली. त्यांच्यात ऑटोफॅजीला लागणारे एटीजी-७ हे प्रथिन अत्यल्प होते किंवा नव्हतेच. वाढीत आणि चालण्यात दोष होते, पण ही माणसे जगली होती. माणसाची पेशी काही पर्यायी वाटा काढत असणार, असा त्याचा अर्थ निघतो.

पार्किन्सनमध्ये दोष अनेकदा निवडीच्या टप्प्यावर असतो. मायटोकाँड्रियन निरोगी असेल तर पिंक-१ हे प्रथिन आत ओढले जाऊन नष्ट होते. मायटोकाँड्रियन बिघडला की ते बाहेरच्या पटलावर साचते, पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावते आणि दोघे मिळून त्याच्यावर ‘हा पचवा’ अशी खूण करतात. पार्किन बिघडलेल्या मायटोकाँड्रियाकडेच धाव घेते, हे अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या गटाने २००८ साली दाखवले. या दोन जनुकांत दोष असलेल्यांना पार्किन्सन तरुण वयातच गाठू शकतो.

अल्झायमरची गोष्ट वेगळी. राल्फ निक्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली रुग्णांच्या मेंदूत पाहिले तेव्हा सुजलेल्या चेतातंतूंत न पचलेल्या पिशव्या खच्चून भरलेल्या होत्या. वेढण्याचे काम चालू होते, अडले होते पचन. २०२२ साली याच गटाला उंदरांत आढळले की चेतापेशीतल्या लायसोसोमची आम्लता आधी घसरते आणि अमायलॉइड प्रथिनाचे थर बाहेर दिसतात ते नंतर. अशा पेशीला सुरुवातीच्या टप्प्यावर आणखी ढोसले तर कोंडी वाढेल, सुटणार नाही.

हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात मात्र ढोसण्याचा उपयोग दिसला. केंब्रिजच्या डेव्हिड रुबिन्स्टाइन यांच्या गटाने २००४ साली रॅपामायसिन देऊन माशी आणि उंदीर यांच्यातली रोगाची लक्षणे कमी केली. हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूतून आले. १९६४ च्या कॅनेडियन मोहिमेने माती आणली, माँट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने औषध हुडकले आणि १९९९ साली मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते एमटॉरची पकड सोडवते, पण त्याबरोबर प्रतिकारशक्ती दाबते, तोंड येते, रक्तातली चरबी वाढते. वर्षानुवर्षे घ्यायचे औषध म्हणून हा सौदा महागाचा आहे.

कर्करोग: कधी वैरी, कधी सोबती

बेथ लेव्हिन यांच्या गटाने १९९९ साली बेक्लिन-१ हे ऑटोफॅजीचे जनुक गाठींच्या वाढीला आवर घालते असे दाखवले. त्याची एकच प्रत असलेल्या उंदरांना गाठी जास्त होतात. पेशी स्वच्छ राहिली तर जनुकांची नासधूस कमी, असा त्यामागचा तर्क. पण गाठ एकदा वाढली की रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि तीच ऑटोफॅजी कर्कपेशीला उपासमारीतून तारून नेते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे ठळकपणे दिसते.

म्हणून इथे ऑटोफॅजी रोखण्याचे प्रयत्न झाले आणि हाताशी असलेले औषध निघाले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हिवताप आणि संधिवातासाठी ते आपल्याकडे जुनेच. ते पचनाचा शेवटचा टप्पा अडवते. २०१९ साली अमेरिकेत, शरीरात पसरलेल्या स्वादुपिंड-कर्करोगाच्या ११२ रुग्णांवरील चाचणीत, केमोथेरपीसोबत ते दिल्याने गाठी आकसल्याचे प्रमाण वाढले, पण वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. त्याच वर्षी प्रयोगशाळेतून नवी दिशा मिळाली. या कर्कपेशींच्या वाढीची एक ठरावीक संदेशवाहिनी बंद केली की त्या ऑटोफॅजीवर आणखी विसंबतात, तेव्हा दोन्ही वाटा एकदम अडवाव्यात. त्यावर चाचण्या चालू आहेत.

क्षयाचा जंतू

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, म्हणून हा भाग आपल्या जिव्हाळ्याचा. क्षयाचा जंतू भक्षकपेशीत शिरतो आणि आपण बसलेली पिशवी लायसोसोमला मिळूच देत नाही. व्होयो डेरेटिक यांच्या गटाने २००४ साली दाखवले की ऑटोफॅजी चेतवली की हा अडसर मोडतो आणि जंतू मरतात. औषधाचा रस्ता मिळाला असे वाटले. २०१५ साली उंदरांतल्या अभ्यासाने चित्र गुंतागुंतीचे केले. एटीजी-५ काढले की उंदीर क्षयाला झपाट्याने बळी पडत, पण ऑटोफॅजीची इतर बरीच जनुके काढूनही फरक पडत नव्हता. म्हणजे एटीजी-५ चे तिथले काम काही वेगळेच होते. पुढे २०२३ मध्ये माणसाच्या भक्षकपेशींवरच्या प्रयोगांत ऑटोफॅजीचे महत्त्व पुन्हा दिसले. उंदराचा निष्कर्ष माणसाला आणि माणसाचा उंदराला जसाच्या तसा लावता येत नाही.

उपवासाचे काय?

नोबेलनंतर ओसुमींच्या नावाने उपवासाचा प्रचार व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचला. ओसुमींनी यीस्टला उपाशी ठेवले होते, माणसांना नव्हे. उंदरांत उपवासाने यकृतातली ऑटोफॅजी वाढते हे खरे. पण एका दिवसाच्या उपासाने उंदराचे वजन लक्षणीय घटते, आपले तसे घटत नाही. माणसात किती तासांनी, कोणत्या अवयवात, किती ऑटोफॅजी वाढते हे सांगणारी भरवशाची मोजपट्टी आज दवाखान्यात नाही. आणि आपला एकादशीचा उपास ‘दुप्पट खाशी’च्या वळणाचा. साबुदाण्याची खिचडी, रताळे, वरून राजगिऱ्याचा लाडू, एवढ्याने इन्सुलिन चढते आणि एमटॉरची पकड घट्टच राहते. श्रद्धेने केलेल्या उपासाला विज्ञानाच्या दाखल्याची गरज नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने मात्र ‘पेशीशुद्धी’साठी उपाशी राहणे सरळ धोक्याचे आहे, साखर एकदम उतरू शकते. पूरक गोळ्यांचीही तीच कथा. स्पर्मिडिनने यीस्ट आणि माशीचे आयुष्य वाढले, पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत शंभर ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीत फरक पडला नाही.

टप्पा ओळखून उपचार

यश मिळाले आहे ते नेमका टप्पा हेरल्यावर. पॉम्पे या जन्मजात आजारात लायसोसोममधले एकच विकर नसते, ग्लायकोजेन साठत जाते आणि स्नायू व हृदय निकामी होतात. २००६ पासून ते विकर शिरेतून देता येते आणि त्याने तान्ह्या मुलांचे प्राण वाचले. हातापायांच्या स्नायूंत गुण कमी येतो, कारण तिथे अडकलेल्या ऑटोफॅजीचा गाळ वाटेत येतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांत लायसोसोममधल्या एका विकराचे जीबीए-१ हे जनुक सदोष असते. त्या विकराला आधार देण्यासाठी निवडलेले औषध आहे अँब्रोक्सोल, आपल्या खोकल्याच्या औषधांत असते तेच. १७ रुग्णांवरील छोट्या अभ्यासात ते मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोचते असे दिसले आणि आता ब्रिटनमध्ये मोठी चाचणी चालू आहे. निकाल येईपर्यंत खोकल्याच्या सिरपच्या बाटल्या रिचवण्याचा मोह टाळलेला बरा.

भारतातही हे काम होते आहे. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात रवी मंजिठाया यांचा गट यीस्टमधून ऑटोफॅजीवर परिणाम करणारी रसायने हुडकतो, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत फळमाशीवर अभ्यास होतो.

औषधांची यादी आज लांब आहे. कमी पडते ते निदान. समोरच्या रुग्णाची ऑटोफॅजी सुरूच होत नाही, की सुरू होऊन अडते, की कर्करोग तिच्यावर पोसला जातो, हे रक्ताच्या थेंबातून कळू लागेल तेव्हा यातली निम्मी औषधे बाद होतील आणि उरलेली खऱ्या अर्थाने उपयोगी पडतील. तोवर कोणी ‘ऑटोफॅजी वाढवणारे’ काही विकायला आले, तर कोणत्या अवयवातली आणि कोणत्या टप्प्यावरची, एवढे दोन प्रश्न विचारावेत.