एक्स्टेंशन बोर्डवर हीटर रॉड लावताय? आधी हे अँपिअरचं गणित बघा

डिसेंबर लागला की भंडारा, तुमसर, साकोलीकडची पहाट चांगलीच बोचरी होते. पूर्वी अंघोळीचं पाणी चुलीवर नाहीतर बंबात तापायचं. आता बऱ्याच घरांत हीटर रॉड आहे, काही घरांत गिझर. पाणी तापवायचं साधन बदललं, पण जुन्या घरांत वायरिंग अजून तीच आहे, दोन बल्ब, एक पंखा आणि टीव्ही एवढ्यापुरती केलेली. घोळ इथेच होतो.

आपल्याकडे दोन प्रकारचे सॉकेट असतात. छोटं ६ अँपिअरचं आणि मोठ्या छिद्रांचं १६ अँपिअरचं, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो. कोणती वस्तू कुठे लावायची हे कळायला मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरे: वॅट भागिले २३०. १५०० वॅटचा रॉड साधारण ६.५ अँपिअर घेतो, २००० वॅटचा गिझर किंवा रूम हीटर ८.७ आणि ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३. यातलं एकही छोट्या सॉकेटच्या मर्यादेत बसत नाही. आणि फोनचा २० वॅटचा चार्जर? ०.१ अँपिअरसुद्धा नाही.

“पण आमच्याकडे तर त्याच बोर्डवर दोन वर्षं चाललंय!” हो, चालतं. कारण बिघाड हळूहळू होतो. सॉकेटच्या आतली पितळी पत्ती वापरून सैल होते आणि तिथे थोडा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, तयार होतो. समजा अर्धा ओहम. तिथे किती उष्णता तयार होईल? करंटचा वर्ग गुणिले रोध. चार्जर लावला तर साधारण ०.००४ वॅट, म्हणजे काहीच नाही. त्याच जागी २००० वॅटचा गिझर लावला तर जवळपास ३८ वॅट! मोबाईल रिपेअरवाल्याकडची छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. तेवढी किंवा त्याहून जास्त उष्णता तुमच्या प्लास्टिकच्या सॉकेटच्या पोटात. पत्ती तापून आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. एमसीबी मात्र पडत नाही, कारण तिच्या हिशेबाने करंट जास्त वाढलेलाच नसतो.

उष्णता देणाऱ्या उपकरणातला विजेचा दोष काय करू शकतो, हे भंडाऱ्याला वेगळं सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमधल्या शॉर्टसर्किटपासून सुरुवात झाली, असं चौकशीतून पुढे आलं.

आता शॉकचं बघू. रॉडच्या प्लगला तिसरी जाड पिन असते, ती अर्थिंगची. टू-पिन कन्व्हर्टर लावला की तीच पिन बाद होते. रॉडचं वरचं आवरण चिरलं तर करंट पाण्यात उतरतो. त्यात भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, घरात एखादा जुना गंज असतोच. रॉड त्यात टाकला तर अख्खं भांडंच करंट मारू शकतं. बादली प्लास्टिकची घ्या, पण रॉड तिला टेकू देऊ नका. आणि पाणी तापलं का हे बघायला बोट बुडवायच्या आधी स्विच बंद करून प्लग काढा. या बाबतीतही एमसीबीवर भरवसा नको. शॉकपासून वाचवायला आरसीसीबी लागते, ३० मिलिअँपिअरची. करंट गळतोय हे कळताच ती क्षणात लाइन तोडते. अर्थिंग मात्र तरीही हवंच.

गिझर बसवणार असाल तर इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा: मेन बोर्डपासून वेगळी लाइन, ४ एमएमची तांब्याची वायर, हिरवी अर्थिंगची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याच लाइनला स्वतंत्र १६ अँपिअरची एमसीबी. एमसीबी सारखी पडते म्हणून ३२ ची टाकून देणारेही भेटतात. त्यांना नाही म्हणा. तसं केलं की एमसीबीच्या आधी भिंतीतली वायर जळते. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही एकदा बघून घ्या. तो १ किलोवॅट असेल आणि तुम्ही २ किलोवॅटचा गिझर आणत असाल, तर आधी भार वाढवून घ्या.

फोनवरून गिझर चालू करायला स्मार्ट प्लग घेणारेही आता बरेच आहेत. हरकत नाही, फक्त तो १६ अँपिअरचा घ्या. स्वस्तातला ६ किंवा १० अँपिअरचा प्लग दिव्यासाठी किंवा पंख्यासाठी ठीक आहे. रॉडला मात्र स्मार्ट प्लग नकोच. कोरड्या बादलीत रॉड पडलेला असताना तुम्ही बाहेरून तो चालू केलात तर?

रॉडला स्वतःहून बंद होता येत नाही. १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १५०० वॅटच्या रॉडला साधारण २० मिनिटं लागतात, तेव्हा फोनवर तेवढा टायमर लावा. टायमर वाजला की स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिना जवळून बघा. प्लॅस्टिक पिवळं किंवा काळं पडलं असेल, जळका वास येत असेल किंवा प्लग हाताला चांगलाच गरम लागत असेल, तर त्या सॉकेटवर दुसऱ्या दिवशी पाणी तापवू नका.