पेट्रोल, पाच रुपयांची हुशारी आणि टायरमधली हवा

पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण सुरू होतं. पांढरकवड्याकडून आदिलाबादला निघालेल्या गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "अलीकडे नको टाकू, तिकडे स्वस्त असंल." महाराष्ट्रात पेट्रोल महाग, म्हणून बाकी सगळीकडे स्वस्त, असा हा साधा हिशेब. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या माणसाने तो गोव्याच्या बाबतीत मांडला तर बरोबर ठरतो, आणि गुजरातच्या सीमेवरही ठरतो. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवर मात्र तो उलटा आहे. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२० टक्के व्हॅट, तर महाराष्ट्रात २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. २०२४ च्या जुलैमध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपये ४४ पैसे होतं तेव्हा हैदराबादेत १०७ रुपये ४१ पैसे होतं. म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून दक्षिणेला जाणाऱ्याने टाकी अलीकडेच भरून घ्यावी.

दर चढले की असे सल्ले फार फिरतात. त्यातले बहुतेक पंपावर काय करावं याचे असतात. सकाळी टाका, एकशे दहाचं टाका, आज रात्रीच टाका. पंपावरच्या या हुशारीने वाचतात पाच-दहा रुपये, तेही वाचलेच तर. खरा पैसा पंपावरून निघाल्यावर रस्त्यात जातो, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

"सकाळी थंडीत टाकलं की जास्त येतं"

यात विज्ञानाचा एक तुकडा खरा आहे. पेट्रोल तापलं की फुगतं, साधारण एका अंशाला हजारात एक भाग. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी वर पंचेचाळीस अंश आणि पहाटे तीस असले, तरी हा चढउतार मातीखालच्या हजारो लिटरच्या साठ्यापर्यंत दिवसभरात पोचत नाही. तरी वादापुरतं धरू की पाच अंशांचा फरक पडला. दहा लिटरमागे पन्नास मिलिलिटर, म्हणजे पाच रुपये. एवढ्यासाठी गावातून भल्या पहाटे मुद्दाम पंपावर गेलात, तर जाण्यायेण्यातच त्याहून जास्त जळेल.

"शंभरचं नको, एकशे दहाचं टाक"

शंभर, दोनशे, पाचशेचं माप आधीच 'सेट' करून ठेवलेलं असतं, म्हणून आडवा आकडा सांगायचा, ही समजूत इतकी पक्की झाली आहे की आता बहुतेक लोक एकशे दहाचंच टाकतात. म्हणजे तोही गोल आकडाच झाला!

मापात पाप होत नाही असं कुणी म्हणणार नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणच्या पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्राच्या आत, किती पेट्रोल गेलं हे मोजणाऱ्या भागातच फेरफार करून ठेवलेले सापडले. पण मोजणीच बिघडवली असेल तर एकशे दहालाही तेवढंच कमी येणार आणि एकशे सदतीसलाही. आकडा बदलून त्यावर तोड निघत नाही.

तोड वेगळी आहे, आणि ती फारसं कुणी वापरत नाही. प्रत्येक पंपावर वैध मापनशास्त्र विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं. संशय आला तर ग्राहक ते मागू शकतो. समोर पाच लिटर ओतून घ्यायचं. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त कमी भरलं तर सरळ तक्रार करायची. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपरही मागता येतो. त्यावर थेंब टाकायचा, तो उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. मागे रांग लागलेली असताना माप मागायला संकोच वाटतो हे खरं, पण आकडेशास्त्रापेक्षा हा संकोच सोडणं कामाचं.

"आज रात्री बारानंतर वाढणार"

१६ जून २०१७ पासून देशभर दर बदलण्याची वेळ सकाळी सहाची आहे, रात्री बाराची नाही. अफवेचा फायदा किती, तेही पाहू. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये सोळा दिवसांत चौदा वेळा दर वाढले आणि पेट्रोल एकूण १० रुपयांनी महागलं. त्यातल्या बहुतेक वाढी ८० पैशांच्या होत्या. पाच लिटरची टाकी असलेल्या स्कूटरवाल्याने आदल्या रात्री गाठून भरलं, तर वाचले ४ रुपये. रांगेत अर्धा तास इंजिन सुरू ठेवून उभं राहिलो तर तेही गेले.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या संपामुळे राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, तो प्रकार वेगळा होता. तेव्हा भीती मिळणारच नाही याची होती. दरवाढीच्या अफवेने मात्र धावण्यात अर्थ नाही.

"कच्चं तेल निम्म्यावर आलं, मग पेट्रोल निम्मं का नाही?"

प्रश्न रास्त आहे. त्यामागचा गैरसमज हा की आपण तेलाचे पैसे देतो. आपण तेलाचे आणि कराचे असे जवळजवळ सारखेच पैसे देतो. ८ एप्रिल २०२५ ला केंद्राने उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढवून लिटरमागे २१ रुपये ९० पैसे केलं. त्या वेळचे कर धरून यवतमाळात लिटरला १०५ रुपये मोजले असं समजा. त्यातले राज्याचे, म्हणजे २५ टक्के व्हॅट अधिक ५ रुपये १२ पैसे, होतात जवळपास २५ रुपये. दोन्ही मिळून ४७. उरलेल्या ५८ रुपयांत कच्चं तेल, शुद्धीकरण, कंपनी, वाहतूक आणि पंपमालकाचं कमिशन. कच्चं तेल खाली आलं तर हलतो तो या ५८ मधलाच एक भाग. केंद्राचं शुल्क ठरावीक रुपयांत असल्याने ते जागचं हलत नाही. आणि व्हॅट लागतो तो केंद्राच्या शुल्कासह होणाऱ्या रकमेवर, म्हणजे करावरही कर.

पेट्रोलवर जीएसटी आहे असं समजणारे आजही भेटतात. नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल बाहेर ठेवले गेले, ते बाहेरच राहिले. केंद्राच्या त्या २१ रुपये ९० पैशांपैकी राज्यांबरोबर वाटून घ्यावं लागणारं मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे होतं. बाकी सगळं अधिभार आणि उपकर. केंद्र राज्याकडे बोट दाखवतं आणि राज्य केंद्राकडे, त्याचं मूळ या मांडणीत आहे.

आणखी एक. "मुंबईपेक्षा आमच्या यवतमाळात महाग, म्हणजे इथला पंपवाला लुटतो." पंपवाल्याचं कमिशन कंपनी ठरवते, दरही कंपनीच ठरवते. जुलै २०२४ पर्यंत तर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर व्हॅट २६ टक्के होता, उरलेल्या राज्यापेक्षा एक टक्का जास्त. नंतर तो सारखा झाला. तरी विदर्भ-मराठवाड्याकडे दर चढाच. राज्यातल्या रिफायनऱ्या आहेत मुंबईत, माहुलला. तिथून डेपो आणि डेपोतून टँकर असं येताना भाडं चढत जातं. परभणीचं नाव दरवाढीच्या बातमीत नेहमी पहिलं येतं, त्याचंही कारण डेपोपासूनचं अंतरच.

"गाडी देईना झाली, पंपावर भेसळ आहे"

गेल्या दोन-तीन वर्षांत गॅरेजवर सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही. पन्नास देणारी गाडी आता देत नाही. भेसळ कुठेच नसते असं नाही, पण आधी पेट्रोल म्हणून काय मिळतं ते समजून घेऊ. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणं सुरू झालं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणून सगळं शुद्ध असलं तरी लिटर थोडा कमी पळणार. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अंदाज दिले होते: जुन्या धाटणीच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि नव्या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के.

आता हे आपल्या गाडीला लावून पाहा. पन्नास देणारी मोटरसायकल अठ्ठेचाळीसवर येईल. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणाऱ्याला अर्धा लिटर जास्त लागेल, म्हणजे पन्नासेक रुपये. पण तुमची गाडी पन्नासवरून चाळिसावर आली असेल, तर दोष इथेनॉलच्या माथी मारून मोकळं होऊ नका. एअर फिल्टर तुंबलेला असतो, ब्रेक धरून राहिलेला असतो, क्लच सुटत असतो किंवा टायरमध्ये हवा नसते. कापसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर धूळ खात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट पाहत नाही.

इथेनॉल देशी आणि स्वस्त म्हणून पेट्रोल स्वस्त होईल, ही आशाही फोल ठरली. मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दर २०२४-२५ मध्ये ७१ रुपये ८६ पैसे होता. शुद्ध पेट्रोलपेक्षा ते तेव्हा महागच पडत होतं. परकीय चलन वाचतं, ऊस-मक्याला गिऱ्हाईक मिळतं, हे फायदे असतीलही. पण कमी ऊर्जेचा लिटर त्याच भावात घेणाऱ्या ग्राहकाची तक्रार खोटी नाही.

महागडं 'प्रीमियम' पेट्रोल टाकून ही घट भरून काढावी, असं काही जण सुचवतात. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त नव्हे. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटू नये, ठोका येऊ नये, एवढ्यासाठी ऑक्टेन असतं. गाडीच्या पुस्तकात मागितलं नसेल तर साध्या मोटरसायकलला त्याचा उपयोग नाही.

"उतारावर न्यूट्रल, उन्हाळ्यात हवा कमी"

या दोन सवयी पैशाबरोबर जिवावरही उठतात, म्हणून जरा सविस्तर.

उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडायची, ही कार्ब्युरेटरच्या काळातली युक्ती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि दुचाकींतही फ्युएल इंजेक्शन आलं. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंद करतो. न्यूट्रल केलं तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे धामणगाव रस्त्यावरच्या करळगाव घाटात न्यूट्रल करणारा जास्त पेट्रोल जाळतो, वर इंजिनाचा ब्रेकही गमावून बसतो.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवणारे तर घरोघरी आहेत. घडतं नेमकं उलट. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, त्याच्या भिंती वाकतात आणि त्यातूनच तो तापतो. तापलेल्या डांबरावर, भरधाव, चार माणसं आणि सामान घेऊन निघालेल्या गाडीचा टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेमुळे. पेट्रोलही जास्त लागतं: चारही टायरांत दहा पाउंड कमी असले तर दोनेक टक्के. कंपनीने सांगितलेली हवा टायर थंड असताना भरायची, उन्हाळा असो की हिवाळा. नायट्रोजनवर वेगळे पैसे घालवण्याचीही गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

वेगाबद्दल थोडक्यात: ताशी ऐंशीवरून शंभरावर गेलात की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. नागपूरला वीस मिनिटं आधी पोचण्याची ती किंमत.

"एसटी नेहमीच स्वस्त"

हे गाडी कोणती आणि माणसं किती यावर आहे. यवतमाळहून दारव्हा धरा, चाळीसेक किलोमीटर. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचा सहा किलोमीटरचा टप्पा सुमारे १० रुपयांवर गेला, म्हणजे सत्तरेक रुपये तिकीट. मोटरसायकलला ८५ रुपयांचं पेट्रोल. एकटा माणूस एसटीने वाचवतो, पण दोघे असले तर मोटरसायकल स्वस्त पडते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत. ते हिशेबात धरलं की बाजू पुन्हा बदलते. एकट्याने कार काढली तर मात्र पावणेतीनशे रुपये, आणि या बेरजेत ऑइल, टायर, हप्ता काहीच धरलेलं नाही. रेल्वेचा पर्याय यवतमाळकरांना शकुंतला ही गाडी बंद पडल्यापासून उरला नाही. वर्धा-नांदेड मार्गावरचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण रोजच्या कामाला निघालेल्या तालुक्यातल्या माणसाला तूर्त रस्ताच आहे.

दर आपल्या हातात नाही आणि त्यातला कर तर मुळीच नाही. गाडी किती देते हे बरंचसं आपल्या हातात आहे. टायरची हवा पंपावर मोफत मिळाली पाहिजे, ती ग्राहकाची हक्काची सोय आहे. यंत्र बंद असल्याचं सांगितलं तर तक्रारवही मागा आणि लिहून या.