दुखावलेल्या भावना आणि न्यायालयाची मोजपट्टी

रावेरच्या एखाद्या गृहस्थाने भ्रमणध्वनीवर लिहिलेल्या दोन ओळी क्षणार्धात राज्याच्या सीमेपलीकडे बऱ्हाणपुरात वाचल्या जातात. तेथील एखाद्या वाचकाची धर्मभावना त्यांमुळे दुखावली, तर तो अपराध ठरतो काय? आणि हे ठरविताना न्यायालयाने कोणाचे मन प्रमाण मानावे? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाचे मूळ १९२७ सालात सापडते. ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेच्या प्रकाशकास लाहोर उच्च न्यायालयाने त्या वर्षी दोषमुक्त केले. दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका दंडसंहितेच्या तत्कालीन कलम १५३-अ मध्ये बसत नाही, असे त्या निर्णयाचे कारण होते. त्यावर प्रक्षोभ उसळला. तो न्यायाधीशांपर्यंतही पोहोचला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कलम २९५-अ निर्माण केले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रामजी लाल मोदी प्रकरणात ते वैध ठरविले. मात्र बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्याच्या कक्षेत येतो, अनवधानाने घडलेला नव्हे, असेही स्पष्ट केले. आज हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे.

हेतूइतकेच परिणामाचे मापनही महत्त्वाचे होय. या बाबतीत नागपूरने दिलेली देणगी मोलाची आहे. भगवतीचरण शुक्ल प्रकरणातील, १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी असे प्रतिपादिले की, शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर व धैर्यवान माणसाच्या दृष्टीने जोखावा. दुर्बळ, डळमळीत किंवा प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या मनाच्या दृष्टीने नव्हे. ही मोजपट्टी सोडली, तर जो सर्वांत लवकर संतापतो त्याच्याच हाती कायदा जातो.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे येथे उद्बोधक आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीस आणि तो मजकूर केवळ पसंत करणाऱ्या दुसरीस अटक झाली. त्यातून उद्भवलेल्या वादाचा शेवट २४ मार्च २०१५ रोजी झाला; श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. चर्चा, पुरस्कार व चिथावणी यांत भेद करून, निर्बंधाचा अधिकार चिथावणीच्या टप्प्यापाशी सुरू होतो, असे न्यायालयाने सांगितले.

पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर ऑगस्ट २०२२ मधील व्हॉट्सॲपवरील मजकुराबद्दल कलम १५३-अ खाली गुन्हा नोंदविला गेला. अनुच्छेद ३७० रद्द झाल्याचा निषेध आणि पाकिस्तानास स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, एवढाच तो मजकूर होता. उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये हस्तक्षेप नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी बोस यांचीच कसोटी लावून गुन्हा रद्द केला. पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आली आहे, असेही त्याने नमूद केले.

तात्पर्य, तत्त्व निःसंदिग्ध आहे. परंतु ते लागू होण्यास या प्राध्यापकास दीड वर्षाहून अधिक वाट पाहावी लागली. न्यायालयाची मोजपट्टी ठाण्यातील फौजदाराच्या हाती गुन्हा नोंदविण्यापूर्वी पडेल, तेव्हाच रावेरच्या गृहस्थास तिचा खरा उपयोग होईल.