पाणबुड्याचे श्वासयंत्र आणि त्याची घरगुती निगा

समुद्रात बुडी मारणे हा शिंपले आणि मोती काढणाऱ्यांचा फार जुना व्यवसाय आहे. परंतु पाठीवर हवेची टाकी बांधून केवळ हौसेखातर समुद्रतळ पाहावयास जाणे, ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट होय. मालवणनजीक तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येचे शिक्षण देणारी संस्थाच उभारली आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात बुडी मारून प्रवाळ व मासे पाहणे हा आता अनेकांच्या सुटीचा भाग झाला आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर तर या विद्येने इतिहासाचीही सेवा केली. 1980 च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी द्वारका व बेट द्वारका येथे समुद्राखाली संशोधन केले.

आमच्या भेस्तानहून समुद्र तसा फार दूर नाही. पण तापीच्या मुखाकडील पाणी गढूळ. तेथे हौशी पाणबुड्याच्या दृष्टीस काय पडणार? म्हणून इकडच्या हौशी माणसाला मालवण किंवा गोवा गाठावे लागते. परत आल्यावर स्वतःचे श्वासयंत्र तो कपाटात ठेवतो, आणि ते पुन्हा बाहेर निघते पुढल्या सुटीत. मधल्या काळात आत शिरलेले मीठ आपले काम मुकाट्याने करीत असते. यंत्राची ही निगा आणि दुरुस्ती मनुष्याला घरी शिकता येईल काय, याचा आज आपण विचार करू.

ज्या वस्तीत यंत्रमागाचा खटखटाट चालतो, तेथे माणसे यंत्राला भीत नाहीत. स्प्रिंग, झडप, ओ-रिंग, पाना हे शब्द इथल्या मुलांच्याही तोंडी असतात. तेव्हा हात चालतील यात शंका नाही. पण बिघडलेला माग फार तर सूत तोडील. हे यंत्र बिघडले तर माणसाचा श्वास अडेल. म्हणून हात चालण्यापूर्वी बुद्धीने आत शिरले पाहिजे.

पाण्याखाली नुसत्या लांब नळीने श्वास का घेता येत नाही, हे प्रथम पाहू. एक मीटर खोलीवर पाणी छातीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 100 ग्रॅम भार टाकते. सर्व छातीचा हिशेब केला तर हा भार मणांच्या घरात जातो, आणि वरून येणारी साधी हवा आत ओढण्याची ताकद फुप्फुसांत उरत नाही. दहा मीटरवर हाच भार चौरस सेंटीमीटरला एक किलोग्रॅम होतो. तेव्हा पाणबुड्याला हवा हवी ती त्याच्या भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची. ना कमी, ना जास्त. टाकीत तर हवा वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने कोंबलेली असते. या बेफाम हवेला वेसण घालून ती मागणीप्रमाणे, घोटाघोटाने तोंडाशी आणून देणे, हे रेग्युलेटर नावाच्या यंत्राचे काम होय.

या यंत्राच्या जन्माची कथा उद्‌बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ पडला आणि मोटारी गॅसवर चालवाव्या लागल्या. एमिल गान्यान या इंजिनियराने इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप तयार केली होती. नौदलाचे अधिकारी झाक कुस्तो यांच्या गरजेसाठी त्याने तीच कल्पना श्वासाला लावली. 1943 साली मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले. पण कुस्तो पाण्यात उभे राहताच हवा भसाभस वाहून जाई. कारण एवढेच, की उच्छ्वासाचे द्वार आणि हवा देणारी झडप वेगवेगळ्या उंचीवर होती, आणि तेवढ्या पाण्याच्या दाबातील फरक झडप उघडी ठेवण्यास पुरत होता. दोन्ही एका पातळीवर आणताच दोष नाहीसा झाला. वितभर पाण्याचा फरकही या यंत्राला कळतो, हे ध्यानात ठेवावे.

पुढे 1952 साली ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेड याने यंत्राचे दोन भाग करून ते एका नळीने जोडले. आजची रचना तशीच आहे. टाकीवर बसतो तो पहिला टप्पा. तो दोनशे पट दाब उतरवून, भोवतालच्या पाण्याच्या दाबाहून नऊदहा पट वातावरण अधिक, अशा मधल्या दाबावर आणतो. तोंडात धरतो तो दुसरा टप्पा. त्यात रबराचा एक पडदा असतो. आपण श्वास घेतला की पडदा आत खेचला जातो, त्याला टेकलेली तरफ दबते, तरफेमुळे झडप उघडते आणि हवा येते. श्वास थांबला की स्प्रिंग झडप मिटवते. सोडलेली हवा रबराच्या दुसऱ्या पातळ चकतीतून बुडबुडे होऊन बाहेर पडते. सारे मर्म एवढेच.

येथे घरातील स्वयंपाकाच्या गॅसच्या रेग्युलेटरची आठवण होणे साहजिक आहे. तत्त्व एकच, परंतु तो रेग्युलेटर घरी कधीही उघडू नये, बिघडल्यास बदलूनच घ्यावा. पाणबुड्याचे यंत्र मात्र वेळोवेळी उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडण्यासाठीच घडविलेले असते. उत्पादक ते साधारणतः वर्षादोन वर्षांनी उघडून तपासावयास सांगतात. मात्र बहुतेक उत्पादक सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका आपल्या शिकविलेल्या कारागिरांनाच देतात. सामान्य ग्राहकाला नाही. यावर जगभर वाद आहे. ग्राहकाला आपली वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे, या विचाराने भारत सरकारनेही 2022 साली ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर एक संकेतस्थळ सुरू केले. अधिकार हवाच, पण अधिकार मिळाला म्हणजे कसब आले असे होत नाही. म्हणून शिकण्याच्या तीन पायऱ्या कराव्यात.

पहिली पायरी धुण्याची. ती प्रत्येकाने शिकावीच. बुडी संपल्यावर मीठ वाळण्यापूर्वी यंत्र गोड्या पाण्यात भिजवावे. तत्पूर्वी पहिल्या टप्प्याच्या तोंडावरील टोपण पुसून, कोरडे करून घट्ट बसवावे. हवेचा दाब नसताना दुसऱ्या टप्प्यावरील बटण पाण्यात दाबू नये. दाबल्यास झडप उघडते आणि पाणी नळीवाटे थेट पहिल्या टप्प्यात पोचते. मग यंत्र सावलीत वाळवावे आणि नळ्या न मुडपता ठेवावे. पुष्कळशी दुरुस्ती या एवढ्या सवयीनेच टळते.

दुसरी पायरी परीक्षेची. हिला पान्याची गरज नाही. नळ्यांची टोके वाकवून चिरा पाहाव्यात. तोंडात धरावयाचे रबर फाटले आहे काय ते पाहावे. पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पुष्कळ काही सांगते: हिरवट असेल तर खारे पाणी आत जाऊन धातू कळकला आहे, तांबूस असेल तर लोखंडी टाकीचा गंज येत आहे, काळी असेल तर टाकी भरणाऱ्या काँप्रेसरचे तेल किंवा काजळी आली असावी. मग टाकी न जोडता, टोपण बसवून, तोंडाने हवा ओढून पाहावी. काहीच आत येता कामा नये. हवा आली तर पडदा किंवा उच्छ्वासाची चकती फुटली आहे, आणि समुद्रात त्याच वाटेने पाणी येईल. शेवटी टाकी जोडून, मधला दाब दाखविणारे छोटे दाबमापक नळीला लावावे. काटा नऊदहाच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. श्वास घेताच तो थोडा उतरावा आणि लगेच जागेवर येऊन थांबावा. तो हळूहळू वर चढू लागला तर पहिल्या टप्प्यातील झडपेची बैठक झिजली असे समजावे. असा दाब चढत गेला की दुसरा टप्पा आपोआप उघडतो आणि हवा वाहू लागते. म्हणजे हे यंत्र बिघडले तरी बहुधा हवा देऊनच बिघडते, ही रचनाकारांची दूरदृष्टी. पण वाहती हवा टाकी काही मिनिटांत रिकामी करते, हेही विसरू नये.

तिसरी पायरी उघडण्याची. ही घाईची नव्हे. त्याच नमुन्याच्या यंत्राची पुस्तिका, त्याच नमुन्याचे नवे सुटे भाग, योग्य पाने आणि दाबमापक, यांपैकी एक जरी नसेल तरी पाना हाती घेऊ नये. शक्य तर जाणत्याच्या शेजारी बसून आधी जुन्या, निकामी यंत्रावर हात बसवावा. आणि सोपा असलेला दुसरा टप्पा प्रथम शिकावा. काम सुरू करण्यापूर्वी आतील सर्व दाब सोडावा. काढलेला प्रत्येक भाग क्रमाने मांडावा. जुन्या ओ-रिंगा काढताना पोलादी टोकाची सुई वापरू नये. पितळेची किंवा प्लॅस्टिकची काडी वापरावी. झडप जिच्यावर टेकते ती कड अतिशय नाजूक असते. तिच्यावर केसाएवढा ओरखडा पडला तरी नवी बैठकही हवा रोखू शकणार नाही. धातूचे भाग सौम्य व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, घासून, स्वच्छ पाण्याने धुवावेत. मशिनचे तेल, खोबरेल किंवा व्हॅसलिन यांना येथे मज्जाव आहे. तेलाने रबर फुगते आणि त्याची वाफ फुप्फुसात जाते. त्यासाठी पुस्तिकेत सांगितलेले ग्रीसच, तेही पुसटसे, लावावे. अधिक प्राणवायू मिसळलेली हवा वापरणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. दाबाखालील प्राणवायू आणि तेल एकत्र आले की आग लागू शकते.

जोडणी झाल्यावर मधला दाब आणि तरफेची उंची पुस्तिकेतील आकड्यांशी जुळवावी, दाब भरून यंत्र पाण्याच्या टबात बुडवावे आणि बुडबुडे येतात काय ते पाहावे. तेवढ्यावर समाधान मानू नये. पहिली बुडी पोहण्याच्या तलावात, उभे राहता येईल इतक्या पाण्यात घ्यावी. दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या यंत्रालाही हाच नियम लावावा, कारण चूक व्हायची तर ती जोडताना होते. आणि दोन मर्यादा कटाक्षाने पाळाव्यात: टाकीला आणि तिच्या झडपेला घरी हात लावू नये, ते काम मान्यताप्राप्त तपासणी केंद्राचे आहे, आणि दुसऱ्याचे यंत्र हौसेखातर दुरुस्त करू नये. स्वतःच्या श्वासाची जोखीम मनुष्य घेऊ शकतो, दुसऱ्याच्या नव्हे.

तात्पर्य, तिसऱ्या पायरीपर्यंत सर्वांनी जावे असा आग्रह नाही. परंतु पहिल्या दोन पायऱ्या न शिकता यंत्र कारागिराकडे टाकून निश्चिंत होणाऱ्यालाही समुद्र क्षमा करीत नाही. कारागीर चांगला असला तरी वीस मीटर खोलीवर तो आपल्यासोबत येत नाही. तेथे सोबतीला येते ते आपले ज्ञान. ते घरच्या टेबलावर, एक बादली गोडे पाणी आणि एक छोटे दाबमापक एवढ्या सामग्रीवर मिळविता येते.